सावकाश उठणारी मोटर

दशरथआबा बंडगरांना "कसे आहात?" असं विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. आधी मान हलायची. मग घसा साफ व्हायचा. मग ते टोपी काढून तिच्या आत काहीतरी शोधल्यासारखं करायचे आणि अगदी बारीक आवाजात "बरं" एवढं बाहेर यायचं. पुढचं "हाय" येईपर्यंत मी लॅबमध्ये जाऊन दुधाचे नमुने लावून परत आलेली असायचे. नव्या माणसाला वाटायचं, आबांना कमी ऐकू येतं. त्यांचे कान तिखट होते. त्यांना फक्त झटका खपत नसे. मोटरीला दिलेला नाही, माणसाला दिलेला नाही आणि स्वतःला बसलेला तर मुळीच नाही.

बारामती एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये होते. नव्वदीतली गोष्ट. इंदापूरहून रोज एसटीनं यायचे, पाळी सुटली की एसटीनं जायचे. आबा कारखान्याचे मुख्य वायरमन. राहायला पिंपळीला, म्हणजे माझ्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावरच. बंडगरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आबाही लहानपणी वडिलांच्या मागे कळपाबरोबर रानोमाळ हिंडलेले. पुढे कळप आटला, आबा वायरमनचं काम शिकले, पण हात मेंढपाळाचाच राहिला. विजेच्या शास्त्रातलं त्यांचं पहिलं कलम असं होतं: "बसल्याला कळप एकदम उठवला की फुटतो. एक मेंढरू कालव्यात, एक बाभळीत. आदी म्होरक्याला हात लावायचा. त्यो उठला की बाकीची आपसूक उठत्यात. मोटरीचं काय येगळं न्हाय."

हे कलम ते सगळ्याला लावायचे. सगळे कामगार मोटारसायकली फटफटवत यायचे, आबा लुनावर. फाटकाच्या बरंच अलीकडे ते इंजिन बंद करायचे आणि लुना आपल्या वेगानं घरंगळत येऊन वॉचमनच्या खुर्चीपाशी मरायची. ब्रेक लावणं हा त्यांना उद्धटपणा वाटायचा. कधी वारा समोरून असला तर लुना फाटकाच्या आधीच थांबे, मग आबा खाली उतरून तिला समजावत ढकलत आणत. पण ब्रेक आणि मी, एका जागी नांदणार नाही, असा बाणा.

रागाचंही तसंच. सकाळी कुणी स्विच उघडा ठेवला म्हणून आबा चिडले, तर सुरुवात "अरं, असं बरं दिसतं का" इतकी मवाळ व्हायची. राग हळूहळू चढत चढत जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला पूर्ण वेगाला यायचा. तोवर ज्यानं चूक केली तो पाळी संपवून घरी जाऊन झोपलेला असे आणि जो समोर असेल त्याच्या अंगावर सगळं कोसळे. एकदा तो मान लॅबला मिळाला होता. मी मुकाट ऐकून घेतलं, कारण एवढा मेहनतीनं वर आणलेला राग वाया जाऊ द्यायचा म्हणजे पाप.

कारखान्यात लोणी काढायचं एक अवाढव्य पिंप होतं. आडवं, स्टीलचं, मोटरीवर गरगर फिरणारं. त्याला सगळे 'डेरा' म्हणत. आधी तो जोरात फिरवून मलई घुसळायची, लोणी सुटलं की ताक काढून टाकायचं आणि मग सावकाश फिरवून लोणी मळायचं. खटका ओढला की डेरा असा धडकन उठायचा की पट्टा किंचाळायचा आणि लोणीवाल्या खोलीच्या भिंती हलायच्या. आबा खटका ओढण्याआधी डेऱ्याला हात जोडायचे. "माफी मागतोय," म्हणायचे. "बसल्याला ढकलून देतोय आपुन त्येला."

आणि एक दिवस पुण्याहून एक इंजिनिअर एक करड्या रंगाची पेटी घेऊन आला. पुढे अंगभर आकडे दाखवणारी काच, पिळायचा एक गोल कान आणि आत काय ते देव जाणे. हिचं काम त्यानं समजावलं ते असं. मोटर किती वेगानं फिरणार हे विजेच्या ठेक्यावर ठरतं. आपल्या तारांमधून येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते, म्हणून मोटर एकाच वेगानं फिरते. ही पेटी तो ठेकाच कमीजास्त करते. कान पिळला की ठेका बदलतो, ठेक्याबरोबर वेग बदलतो. बाकीचे ऐकणारे चेहरा पाडून उभे होते. आबांच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी उमलायला लागलं आणि बऱ्याच वेळानं पुरतं उमललं.

"म्हंजी गजी ढोल," ते म्हणाले. "ढोलकऱ्यानं हात आखडला की नाचणारा आपसूक सावकाश. त्येला कुणी सांगावं लागत न्हाय."

इंजिनिअरनं धनगरांचा गजी नाच कधी पाहिला नव्हता, पण त्याला उदाहरण आवडलं. मग आबांनी त्यांच्या आयुष्यातला एकमेव तातडीचा प्रश्न विचारला, "आन्‌ उठायला किती येळ देता येतो हिला?"

इंजिनिअर म्हणाला, शून्यापासून पूर्ण वेगाला यायला किती वेळ घ्यायचा हे पेटीत ठरवता येतं, साधारण थोडी सेकंदं पुरतात. जास्तीत जास्त किती, आबांनी विचारलं. त्यानं हसत सांगितलं. तो पुण्याच्या गाडीत बसल्यावर आबांनी जाऊन जास्तीत जास्त जेवढा होता तेवढा सगळा वेळ डेऱ्याला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब लोणीवाल्या खोलीत आले तर डेरा ठप्प. समोर आबा हाताची घडी घालून उभे.

"अजून बंद का आहे हे?" साहेब कडाडले.

"चालू हाय सायेब."

"कुठं चालू आहे? हलत तरी आहे का?"

"उठतंय," आबा म्हणाले.

साहेबांनी चष्मा पुसला. डेऱ्यावरचा एक पाण्याचा थेंब खरोखरच हळूहळू वर सरकत होता. तेव्हापासून कारखान्यात कुणाचंही काम रखडलं की "उठतंय" म्हणायची पद्धत पडली. पगाराला उशीर झाला तरी उठतंय, एखाद्याच्या लेकाचं लग्न जमत नसलं तरी उठतंय.

गंमत अशी की डेरा सुधारला. वेग मलईला मानवेल असा लावता यायला लागल्यावर ताकातून वाया जाणारं लोणी कमी झालं. हे मी स्वतः लॅबमध्ये तपासलं, त्यामुळे थट्टा करायची सोय उरली नाही. साहेबांनी खूश होऊन छोटासा समारंभ केला आणि आबांना एक उभा, मान फिरवणारा पंखा बक्षीस दिला. आबा आभाराला उभे राहिले. त्यांचा आवाज ऐकू येण्याच्या पट्टीत येईपर्यंत साहेबांचे पेढे खाऊन झाले होते आणि ते पुण्याला निघून गेले होते. आबांनी भाषण पुरं केलं, पंख्याकडे बघून.

आता भामाकाकू. आबांच्या मंडळी. देवानं जोड्या लावताना दोन्ही टोकांचं माप काढलं असणार. काकूंना हळू हा प्रकार ठाऊक नव्हता. त्या बोलायला लागल्या की पहिल्या शब्दापासून पूर्ण वेग. भाकरी थापताना, धुणं बडवताना, सुनेला शिकवताना एकच वेग. पिंपळीत त्यांची पिठाची गिरणी होती. घरची शेवटची मेंढरं विकली तेव्हा त्यातून काकूंनी हट्टानं ती घातली. आबा तेव्हा "बघू, बघू" म्हणत होते आणि ते बघेपर्यंत गिरणी सुरूही झाली होती. गिरणीवर काकूंचं नाव होतं आणि गावात काकूंना गिरणीचं. "माजं म्हणावं असं आयुष्यात एवढंच हाय बघ," एकदा मला म्हणाल्या होत्या, आणि काकू एकच वाक्य बोलून थांबल्या, असं त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे कारखान्यात डेरा जाऊन मोठं यंत्र आलं आणि जुनी पेटी भंगारात निघाली. तिची एक बाजू चेपली होती, काच अर्धी आंधळी झाली होती. आबांनी ती मागून घेतली आणि लुनावर मांडीशी धरून पिंपळीला नेऊन गिरणीच्या मोटरीला जोडली. आधी गिरणी सुरू झाली की आळीतले दिवे मान टाकायचे, ते थांबलं. सावकाश दळल्यामुळे पीठ गरम होईना. भाकरी लुसलुशीत व्हायला लागली. बायकांनी आबांना दुवा दिला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपला नंबरच येत नाहीये.

"भाकरी चांगली हुती म्हणून काय दळणाला मुक्कामाला यायचं का बायांनी?" काकू कडाडल्या. आबा कामावर गेले की त्या पेटीचा कान पिळून गिरणी भरधाव सोडायच्या आणि आबा यायच्या सुमाराला परत हळू करायच्या. पण आबांची लुना घरंगळत यायची. आवाजच नाही. काकू हमखास पकडल्या जायच्या. मग आबांचा राग सुरू व्हायचा आणि तो वर येईस्तोवर काकूंचं सगळं बोलून, स्वयंपाक करून, जेवणं वाढून झालेलं असायचं.

असं गाडं चाललं होतं. मग मे महिना आला, आणि आळीतल्या एका लग्नाचा गहू गिरणीत आला. पोतीच्या पोती. पलीकडच्या आळीत दुसरी गिरणी होती, तिला डावलून हे दळण काकूंकडे आलं होतं, त्यामुळे काकू सकाळपासून जमिनीला पाय लावत नव्हत्या. आबांनी मुद्दाम रजा घेतली. "लगनाचं पीठ हाय. गार निघालं पायजे," म्हणून त्यांनी वेग आजवर कधी नेला नव्हता इतका खाली नेला आणि स्टुलावर बसून राहिले.

दुपारी पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालं. काकूंना आधी वास आला.

"अवो, काय तरी जळतंय."

आबांनी पेटीच्या अर्ध्या काचेत बघितलं. "पेटी म्हणती समदं ठीक हाय."

"पेटीला नाक हाय का?"

आबा विचार करायला लागले. तो विचार पुरा व्हायच्या आधी मोटरीतून धूर निघाला, गिरणी कण्हली आणि बंद पडली. निम्मा गहू तसाच. पोरीच्या लग्नाचं दळण अडून चालणार नव्हतं. काकूंनी पदर खोचला, बैलगाडी बोलावली, पोती चढवली आणि ज्या गिरणीला त्या इतकी वर्षं "वाळूची गिरणी" म्हणत आल्या होत्या तिथं स्वतः जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. संध्याकाळी पीठ लग्नघरी पोचवून घरी आल्या आणि बोलायच्या बंद झाल्या.

मला हे कळलं दुसऱ्या दिवशी, इंदापूरच्या एसटीत. पिंपळीच्या थांब्यावर आबा चढले. मागून दोघा गड्यांनी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी जड उचलून आत ठेवलं. आबांनी घोंगडीची कड नीट सारखी केली.

"काय हाय त्यात?" कंडक्टरनं विचारलं.

आबांनी टोपी काढली, आत बघितलं. "पेशंट," ते म्हणाले.

शेजारच्या माणसानं घाबरून पाय वर घेतले. कंडक्टरनं घोंगडीचा कोपरा उचलला, आतली मोटर बघितली आणि पेशंटला लगेजचं तिकीट फाडलं.

"आबा, बारामतीत काय मोटर भरणारे कमी आहेत का?" मी विचारलं. जळलेल्या मोटरीत नवी तार भरून घेतात, ती दुकानं बारामतीत चिक्कार होती.

"समदी वळखत्यात मला तितं," आबा म्हणाले. पुढचं वाक्य सुरू होऊन मार्गी लागेस्तोवर लासुर्णे आलं. "पोरी, ती बोलंना."

"कोण, मोटर?"

"तुजी काकू. एक सबूद न्हाय कालधरनं. भांडली असती तर बरं हुतं. एवढ्या स्पीडवरनं एकदम शून्य..." त्यांनी घोंगडीची कड पुन्हा सारखी केली. "शाफ्ट तुटतो गं आशानं."

मला हसू आलं होतं ते तिथंच जिरलं. हा माणूस उभ्या जन्मात कुणाला धक्का लागू नये म्हणून जपत आलेला, आणि सगळ्यात मोठा धक्का त्यानं आपल्या बायकोला दिला होता. मला त्यांची फार दया आली आणि खरं सांगायचं तर काकूंची त्याहून जास्त.

इंदापुरात स्टँडजवळ कांबळ्यांचं मोटरी भरायचं दुकान होतं. कांबळे जिभेनं फटकळ, मोटर उघडायच्या आधी हुंगणारा माणूस. त्यांनी झाकण काढलं, काळी पडलेली तार बोटानं चुरली.

"आबा, हिच्यावर कसला राग काढला?"

"राग?" आबा दुखावले. "फुलावानी चालीवली."

"किती फुलावानी?"

आबांनी वेग सांगितला. कांबळ्यांनी कपाळावर हात मारला. मोटरीच्या शेपटाकडचा छोटा पंखा त्यांनी बोटानं फिरवून दाखवला. "हिला गार करणारा पंखा ह्यो. कुठं बशिवलाय? हिच्याच दांड्यावर. ती सावकाश फिरली की ह्योबी सावकाश. वजन तेवढंच वढायचं आन्‌ वारं निम्मंबी न्हाय. जीव घुसमटून मेली ती. जोरात पळीवली असती तर जगली असती."

"पर डेरा?" आबा म्हणाले. "डेरा तर इतकी वर्सं..."

आणि ते मध्येच थांबले. लोणीवाली खोली कायम थंडगार असायची, आत जाताना आम्ही स्वेटर घालायचो. शिवाय तिथं सावकाश फिरायचं ते थोडाच वेळ. पिंपळीचा पत्रा आणि मे महिना ही गोष्टच वेगळी होती. मी हे सगळं आबांच्या चेहऱ्यावर एकामागून एक चढताना बघितलं. ते एका पालथ्या पिंपावर बसले.

"म्हंजी जपून जपून मारली म्या," ते म्हणाले. कांबळ्यांनीही पुढे काही टोमणा मारला नाही, चहा सांगितला.

मोटर भरून आली त्या रविवारी मी मुद्दाम पिंपळीला उतरले. काकू गिरणीच्या दारात उंबऱ्यावर, तोंड बाहेर करून बसलेल्या. मला "ये" म्हणाल्या, नवऱ्याकडे पाठ. आबांनी घरातून आपला बक्षिसाचा पंखा आणला होता. तो मोटरीच्या तोंडासमोर उभा केला, मान फिरवायची कळ वर ओढून मान एका जागी पक्की केली. मोटर कितीही सावकाश फिरो, वारं आता बाहेरून मिळणार. मग पेटीपुढे उभे राहून ते बराच वेळ बटणं दाबत होते. मी डोकावले. आबा उठायचा वेळ कमी करत होते. दाबत होते, थांबत होते, पुन्हा दाबत होते. दात काढून घेताना माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता.

त्यांनी बटण दाबलं. गिरणी घुर्रकन उठली आणि बघता बघता सुरात आली.

काकू गर्रकन वळल्या. "अगंबया! एवढ्यात उठली?"

आणि मग धरण फुटलं. दुसऱ्या गिरणीचं पीठ कसं खरखरीत, रांगेत कोण कोण काय बोललं, लग्नातल्या पुऱ्या कशा फुगल्याच नाहीत, आबांच्या नाकाचा उपयोग काय, साठलेलं सगळं एका दमात. आबा डोळे मिटून उभे होते. मला वाटलं त्यांना त्रास होतोय.

"झटका बसला का आबा?" मी हळूच विचारलं.

"लई मोटा," आबा म्हणाले. उत्तर ताबडतोब आलं होतं.

त्या दिवसापासून पेटीचा कान काकूंच्या हातात गेला. वेग काकू ठरवणार, वारं आबा बघणार, अशी वाटणी झाली आणि गिरणी परत भरून वाहायला लागली.

नंतर माझं लग्न झालं, इंदापूर सुटलं. आबाही निवृत्त झाल्याचं कळलं. दशक सरता सरता एका उन्हाळ्यात माहेरी जाताना मी मधेच पिंपळीला उतरले. मागची एसटी धरायची होती, वेळ थोडा होता. गिरणी चालू होती. पत्र्याखाली तसाच जाळ. आबा थकले होते. स्टुलावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होते आणि पंख्याचं सगळं वारं मोटरीला. परवाच ह्याच स्टुलावरनं चक्कर येऊन पडले, असं काकूंनी मला पाणी देता देता सांगितलं. सांगता सांगता त्या पंख्याकडे गेल्या आणि त्यांनी मागची कळ दाबली. पंख्याची मान फिरायला लागली. मोटरीवरून आबांकडे, आबांवरून मोटरीकडे.

"अगं, काय करतीस," आबा म्हणाले. "मोटरीला कमी पडंल."

काकूंनी पेटीचा कान पिळून वेग थोडा वाढवला. "पडू दे. ती जळली तर इंदापुरात भरून मिळती," त्या म्हणाल्या. "तुमी कुटं भरून मिळताय?"

आबांच्या हातातला पुठ्ठा खाली गेला. टोपी निघाली. टोपीच्या आत त्यांनी बघितलं. ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. मी थांबले असते, पण थांब्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

"तू जा बाई," काकू म्हणाल्या. "ह्येंचं आत्ता कुटं उठतंय."

मी धावत जाऊन गाडी पकडली. खिडकीतून वळून बघितलं तेव्हा पंख्याची मान आबांकडे होती, आणि आबा तोंडभर हसत होते.